सात ते एक: रांगोळीच्या ठिपक्यांतलं गणित

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने कलेच्या आधाराने विषय शिकवायला सांगितलं. पण फळ्यावरचं जलचक्र उतरवून त्यात निळा रंग भरला की झाला 'कला समेकित' तास, असं समजलं तर विज्ञान होतं तिथेच राहतं. एक साधी कसोटी लावून बघा: विषय न कळताही मुलाचं चित्र पूर्ण होतंय का? होत असेल तर तो चित्रकलेचा तास. तोही हवाच, पण त्याला गणित किंवा विज्ञान म्हणू नये.

ठिपक्यांची रांगोळी या कसोटीला उतरते. एक ठिपका चुकला तरी पुढे काही जुळत नाही.

तिसरी-चौथीला 'सात ते एक' पुरते. रांगोळीची पूड वर्गात नकोच, पंखा लागला की सगळं उडतं. व्हरांड्यातली फरशी आणि खडू बरे. चौघांचा गट करा आणि दोन रंगांचे खडू द्या. दोन ठिपक्यांत चार बोटांचं अंतर ठेवा, पण गटात एकाच मुलाची बोटं वापरा. प्रत्येकाने आपापली बोटं लावली की ओळी वाकड्या होतात. मग 'असं का झालं?' हे जरूर विचारा, प्रमाणित मापाची गरज तिथेच कळते.

आधी मधली सात ठिपक्यांची ओळ काढायची. मग वर आणि खाली पाच, तीन, एक. मुलं हमखास वरच्या एका ठिपक्यापासून सुरुवात करतात आणि खाली येईपर्यंत रांगोळी एका बाजूला सरकते. मधल्या ओळीपासून निघालं तर प्रत्येक ठिपका वरच्या-खालच्या ठिपक्याच्या अगदी समोर बसतो.

आता रेघा जोडायची घाई करू नका. 'किती ठिपके?' बहुतेक जण एकेक मोजतील, मोजू द्या. कुणीतरी १+३+५ दोनदा आणि त्यात ७, असं करून २५ सांगेल. मग मधला ठिपका निळा, त्याच्या वर-खाली-डावी-उजवीकडचे चार लाल, त्यांच्या शेजारचे पुन्हा निळे, असे सगळे रंगवायला सांगा. रंगवून झालं की कोपऱ्याकडून, तिरकं बघायचं. लाल ठिपके चार ओळींत चार-चार दिसतात, निळे तीन ओळींत तीन-तीन. १६ आणि ९. पाढ्यातले चार चोक आणि तीन त्रिक जमिनीवर मांडलेले असतात. इथे शिक्षकाने गप्प राहणं सगळ्यात अवघड, पण ते तिरके चौकोन मुलांनाच सापडू द्यावेत.

समज तपासायला 'नऊ ते एक' द्या, पण काढण्याआधीच बेरीज विचारा. २५ आणि १६, म्हणजे ४१, असं कारणासकट सांगणाऱ्या मुलाला ते कळलंय. रेघ किती सुबक आली यावर गुण देऊ नका. घरी दिवाळीत रांगोळी काढणाऱ्या मुलांचा हात आधीच बसलेला असतो, ते गणित नव्हे. आणि मुलग्यांना 'तुम्ही नुसतं मोजा' म्हणून बाजूला बसवू नका.

सममितीसाठी दुसरा तास ठेवा. एकाने डाव्या अर्ध्या भागात नक्षी जोडायची, जोडीदाराने उजवा भाग पुरा करायचा. नेहमीची चूक म्हणजे नक्षी उलटी न करता तशीच्या तशी उतरवणं: डावीकडची पाकळी डावीकडे वळलेली, तर उजवीकडचीही डावीकडेच. खोडून दाखवण्यापेक्षा मधल्या उभ्या ओळीवर छोटा आरसा धरा. आरशातलं आणि जमिनीवरचं जुळत नाही हे मूल स्वतःच बघतं.

'सात ते चार', म्हणजे मधल्या ठिपक्यांची रांगोळी, नंतर घ्या. तिथे पुढच्या ओळीचा ठिपका आधीच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध येतो. मुलं डावी कड सरळ धरतात आणि षटकोनाऐवजी भलताच आकार होतो. चौकटीच्या वहीवर ही रांगोळी काढायला देऊ नये. तिथल्या चौकटी मुलांना पुन्हा समोरासमोरच्या ठिपक्यांकडे ओढतात. कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर काढू द्या. एकूण ठिपके ३७ यायला हवेत. ३६ किंवा ३८ आले तर कुठल्या ओळीत चुकलं ते मुलांनीच शोधायचं.