क्वारेमोंटच्या चढावर दोन सिंह

चढाच्या पायथ्याशीच एका तरुणाने माझ्या हातात झेंडा ठेवला. पिवळ्याधमक कापडावर काळा सिंह, आणि फुकट. दोन पावलं पुढे गेले तोच काका म्हणाले, "जरा दाखव." त्यांनी कापड ताणून सिंहाचे पंजे बघितले, जीभ बघितली, झेंडा गुंडाळला आणि त्या मुलाला परत नेऊन दिला. मग स्वतःच्या पिशवीतून दुसरा काढला. तोही पिवळा, त्यावरही काळाच सिंह. फक्त पंजे आणि जीभ लाल.

"हा फ्लाँडर्सचा," ते म्हणाले. म्हणजे बेल्जियमच्या उत्तरेकडच्या, डच बोलणाऱ्या भागाचा. "तो आम्हाला बेल्जियमपासून तोडायला निघालेल्यांचा."

रविवार, ६ एप्रिल २०२५. 'रोंडे', म्हणजे टूर ऑफ फ्लाँडर्स या सायकल शर्यतीचा दिवस. काका म्हणजे गेंटच्या ऑफिसातल्या माझ्या मैत्रिणीचे वडील. फ्लेमिशमध्ये, म्हणजे इथल्या डच बोलीत, काकाला 'नोंकल' म्हणतात, मी आपलं काका म्हणते, आणि त्यांना ते आवडतं. सकाळच्या गाडीने आम्ही गेंटहून आउडनार्दला उतरलो आणि तिथून सायकलनेच शेतांमधून आउडे क्वारेमोंट गाठलं. ऊन छान होतं, वारा मात्र बोचरा.

हा चढ जेमतेम २.२ किलोमीटरचा. आंबोलीचा घाट बघितलेल्याला तो किरकोळ वाटेल. पण त्यातले दीड किलोमीटर ओबडधोबड दगडांचे आहेत, आणि पुरुषांच्या शर्यतीत २६९ किलोमीटरच्या वाटेवर हाच चढ तीनदा चढायचा असतो. पुढच्या पाटरबर्गची लांबी फक्त ३६० मीटर, पण चढ कुठे कुठे २० टक्क्यांचा. रस्त्याकडेला उभं राहायला तिकीट नाही. जगातले सगळ्यात मोठे सायकलपटू हाताच्या अंतरावरून जातात, त्यांचा श्वास ऐकू येतो. मधे ना जाळी, ना खंदक. हा खेळ बघणाऱ्यांवर एवढा विश्वास टाकतो, म्हणूनच बघणाऱ्यांनी कसं वागावं हा प्रश्न इथे नुसता शिष्टाचाराचा उरत नाही.

वाट बघता बघता काका बोलत होते. १९१३ साली कारेल व्हान वायनेंडाले नावाच्या पत्रकाराने ही शर्यत सुरू केली तेव्हा इथली कोर्टकचेरी, सैन्यातले अधिकारी, विद्यापीठं, सगळीकडे फ्रेंचचाच वरचष्मा होता. शेतात राबणाऱ्यांची भाषा गावंढळ समजली जायची. गेंटच्या विद्यापीठात सगळं शिक्षण डच भाषेतून व्हायला १९३० उजाडलं. अशा लोकांना या शर्यतीने आपल्या बोलीत बोलणारे, आपल्यासारख्याच चिखलाने माखलेले नायक दिले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या फ्लाँडर्समध्ये त्यांच्या संमतीने ही शर्यत चालू राहिली, हेही काकांनीच सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

मी बेळगावची. १ नोव्हेंबरला एकाच शहरातून दोन मिरवणुका निघताना बघत मी वाढले. एक राज्योत्सवाची, लाल-पिवळ्या झेंड्यांची. दुसरी काळ्या दिनाची. घरात मराठीचा अभिमान श्वासासारखा होता आणि तो मला आजही हवाच आहे. पण बसच्या पाट्यांना काळं फासलेलं बघून आजी म्हणायची, "यानं आपली भाषा कशी वाढली गं?" पंजे तपासणारे काका बघून मला आजीच आठवली.

सायकलपटू मात्यू व्हान डर पूलचं नाव निघालं तसा काकांचा सूर बदलला. आदल्या वर्षीचा विजेता तोच, आणि फ्लाँडर्समधल्या हेरेंटाल्सच्या वाउट व्हान आर्टचा लहानपणापासूनचा प्रतिस्पर्धी. काका वाउटचे. त्यांच्या गावच्या कॅफेत वाउटचं सपोर्टर्स मंडळ भरतं. व्हान डर पूल डच, म्हणजे 'सीमेपलीकडचा'. पण जन्मला बेल्जियममधल्या कापेलेनला, वाढलाही बेल्जियममध्ये, आणि त्याच्या आईचे वडील म्हणजे फ्रान्सचे लाडके सायकलपटू रेमों पुलिदोर. आता याला कुठल्या झेंड्यात गुंडाळायचं? तरी नऊ दिवसांआधी एका बेल्जियन शर्यतीत प्रेक्षक त्याच्यावर थुंकला होता. २०२३च्या डिसेंबरात हुल्स्टच्या सायक्लोक्रॉसमध्ये, म्हणजे चिखलमातीतल्या सायकल शर्यतीत, सततच्या हुर्योला वैतागून तो स्वतःच प्रेक्षकांवर थुंकला आणि त्याला दंड झाला. तेही चूकच, पण ती चूक कुठून आली ते दिसत होतं.

"एडी मर्क्सलाही सोडलं नाही," काका म्हणाले. बेल्जियमचे थोर सायकलपटू मर्क्स फ्लेमिश गावात जन्मले, ब्रुसेल्समध्ये वाढले. त्यांचं लग्न फ्रेंचमधून लागलं म्हणून इथले लोक रुसले. आणि १९७५च्या टूर द फ्रान्समध्ये, प्वी द दोमच्या चढावर, एका फ्रेंच प्रेक्षकाने त्यांच्या पोटात गुद्दा मारला. सलग वर्षानुवर्षं परका जिंकतोय हे सहन न होणारी माणसं सगळीकडे असतात. २०२१ला लूव्हेनच्या जागतिक स्पर्धेत फ्रान्सचा ज्युलियन आलाफिलीप एकटा पुढे निघाला, तेव्हा काही बेल्जियन प्रेक्षक त्याला शिव्या घालून 'हळू जा' म्हणत होते. ते ऐकून तो अजूनच जोरात गेला आणि जगज्जेता झाला. हे सांगताना काका माझ्याकडे बघत नव्हते, रस्त्याकडे बघत होते.

तिसऱ्यांदा हेलिकॉप्टरचा आवाज आला. पाच जण पुढे होते: स्लोव्हेनियाचा पोगाचार, व्हान डर पूल, पेडरसन, व्हान आर्ट, स्टाउव्हेन. पोगाचार दगडांवरून असा निसटला की माझ्या तोंडून आवाजच फुटला नाही. त्याच्या मागे व्हान डर पूल येताना दिसला आणि आमच्या डाव्या बाजूच्या चार-पाच पोरांनी हुर्यो सुरू केली. एकाचा बिअरचा ग्लास मागे गेला. काकांनी त्याचं मनगट धरलं. सत्तरीचा माणूस, पण पकड शेतकऱ्याची.

"त्याच्याकडे कसला बघतोस? आपला वाउट येतोय, ओरड की!"

पोरगा गडबडला. मग खरंच ओरडला. आम्ही सगळेच ओरडलो, "वाउट! वाउट!" मीही, घसा बसेपर्यंत. तो अर्धा मिनिट मला कधीच विसरता येणार नाही.

पोगाचार जिंकला, पेडरसन दुसरा, व्हान डर पूल तिसरा, वाउट चौथा. क्वारेमोंटवर मोठ्या पडद्यासमोर क्षणभर शांतता पसरली. आणि मग टाळ्या वाजल्या, मनापासून, एका स्लोव्हेनियन माणसासाठी. थोड्या वेळाने महिलांच्या शर्यतीत लोटे कोपेकीने चौघींच्या स्प्रिंटमध्ये बाजी मारली. त्यांच्या फ्लाँडर्सची मुलगी, तिसऱ्यांदा. तेव्हा जे पिवळं वादळ उठलं त्यात कुणाबद्दल राग नव्हता. माझ्याही हातातला लाल पंजांचा झेंडा वर गेला होता.

पुढच्या रविवारी, १३ एप्रिलला, पॅरिस-रुबे ही फ्रान्समधली दगडी रस्त्यांची शर्यत टीव्हीवर बघायला मी काकांच्या घरी गेले. व्हान डर पूल एकटाच पुढे होता. दगडी पट्ट्यावर कुणीतरी भरलेली बाटली फेकली, ती थेट त्याच्या तोंडावर बसली. काका खुर्चीतून उठले. कितीतरी वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता हाच जिंकला पाहिजे." वाउट मागे शर्यतीत असताना!

तो जिंकला, सलग तिसऱ्यांदा. काकूंनी कॉफी आणली, ती तशीच गार झाली. काका एवढंच म्हणत राहिले, "आपल्यातला नसावा." कुठे दगडफेकीची बातमी आली की बेळगावात आमच्या घरी पहिलं वाक्य हेच असायचं.

पुढे तो माणूस बेल्जियमच्या पोलिसांसमोर स्वतःहून हजर झाला. रात्री काकांचा मेसेज आला, दोनच शब्दांचा.

"आमच्यातलाच निघाला."