बाही सोडायची नाही

माझा लेक टोकियोजवळच्या एका छोट्या दोजोत, म्हणजे ज्युदोच्या तालमीत, जातो. पहिला महिनाभर त्याला नुसतं पडायला शिकवलं. हनुवटी छातीशी, पाठ गोल, आणि अंग टेकता टेकता हाताने चटईवर सणसणीत थाप. याला म्हणतात उकेमी. शिवाय तास संपला की मुलांनीच फडकी घेऊन सगळं पुसून काढायचं.

बडोद्याला फोन केला तेव्हा हे बाबांना सांगितलं. त्यांचं बालपण दांडिया बाजारातलं. म्हणाले, "अगं, मलाही वस्तादांनी आधी आखाड्यातल्या हौद्याची माती उकरायला लावलं होतं. ताक, तेल, हळद घालून ती मऊ करायची. का, तर त्या मातीवर समोरचा पोरगा पडणार!" मग बडोद्यातल्याच जुम्मादादा व्यायाममंदिराचा विषय निघाला. तिथले प्रोफेसर माणिकराव नुसते व्यायामाचे गुरू नव्हते, निखळलेली हाडंही बसवून द्यायचे. एकाच माणसाकडे या दोन्ही विद्या होत्या, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

गेल्या शनिवारी लेकाने पहिल्यांदाच एकाला स्वच्छ उचलून आपटलं. आनंदाच्या भरात मूठ उंचावून तो नाचायला लागला. सेन्सेई, म्हणजे त्याचे गुरुजी, रागावले नाहीत. त्याच्यासमोर गुडघे टेकून बसले आणि एवढंच विचारलं, "पडला त्याचं नाव काय?"

लेकाला सांगता आलं नाही. तीन महिने शेजारी उभा राहणारा मुलगा!

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये एका देवळात, बारा चटयांच्या जागेत ज्युदो शिकवायला सुरुवात केली. त्यांचं एक सूत्र आहे, 'जिता क्योएइ': आपलं आणि दुसऱ्याचं भलं बरोबरीने होवो. मला ते भिंतीवर टांगायचं सुभाषित वाटायचं. त्या दिवशी सेन्सेईंनी लेकाचा हात धरून दाखवलं, तेव्हा उमगलं. डाव टाकताना एका हाताने समोरच्याची बाही धरलेली असते. तो खाली जात असताना ती सोडायची नाही, उलट किंचित वर ओढून धरायची. मग त्याचं डोकं आपटत नाही.

बुधवारी मी मुद्दाम पुढे जाऊन बसले. पुन्हा तोच मुलगा, तोच डाव. थाप वाजली. माझं लक्ष फक्त लेकाच्या डाव्या मुठीकडे होतं. तिने बाही सोडली नव्हती. मग त्याने वाकून त्या मुलाला नावाने हाक मारली आणि उठायला हात दिला.