म्हातारी उठली बरं का

सोमवार, रात्री

दुपारी दादाचा फोन आला तेव्हा मी वैतागलेला होतो. रात्री झोप झाली नव्हती. त्याने नेहमीप्रमाणे विचारलं, ‘आई कशी आहे?’ आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘कशी असायचीय? म्हातारीने रात्रभर पिडलं.’

आई आतल्या खोलीत पडली होती. झोपली असेल असं मी धरून चाललो होतो. दार उघडं होतं.

ती तेव्हा काहीच बोलली नाही. संध्याकाळी भिंतीला हात लावत बाहेर आली, खुर्चीत बसली आणि सहज म्हणाली, ‘म्हातारी उठली बरं का.’

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाची माफी मागता येते.

मंगळवार

दिवसभर शब्द चाळत बसलो. स्वतःची चूक भाषेच्या अंगणात नेऊन सोडली की जरा हायसं वाटतं, ही माझी जुनी खोड.

आपल्या भाषेत जवळजवळ प्रत्येक गोष्टीला तीन कप्पे आहेत. वरच्या कप्प्यात माणूस कैलासवासी होतो, निवर्ततो, त्याला देवाज्ञा होते. मधल्या कप्प्यात तो मरतो. खालच्या कप्प्यात तो खपतो, गचकतो, उलथतो. वर जेवण करतात, मध्ये खातात, खाली गिळतात. चेहऱ्याचं थोबाड होतं, डोक्याचं टाळकं, पायांच्या तंगड्या. बोलणारा बरळतो किंवा ओकतो, हसणारा दात काढतो, रडणारा गळा काढतो. घराचं खुराडं होतं. कारकुनाला नुसतं ‘कारकुंडा’ म्हटलं की त्याची आयुष्यभराची नोकरी एका प्रत्ययात मावते.

वरच्या कप्प्याचं कौतुक खूप झालं आहे. त्याला सौम्योक्ती म्हणतात. खालच्या कप्प्याला इंग्रजीत ग्रीक मुळांवरून डिस्फेमिझम असं नाव आहे. ‘डिस’ म्हणजे वाईट, ‘फेमे’ म्हणजे बोलणं. युफेमिझमचा, म्हणजे सौम्योक्तीचा, हा उलट्या तोंडाचा भाऊ. मी माझ्यापुरतं त्याला दुरुक्ती म्हणतो. शब्द मी पाडलेला नाही. महाभारतात विदुर धृतराष्ट्राला सांगतो की बाणांनी झालेली जखम भरून येते, कुऱ्हाडीने तोडलेलं रान पुन्हा वाढतं, पण ‘वाचा दुरुक्तं बीभत्सं न संरोहति वाक्क्षतम्’. वाईट बोलण्याने झालेली जखम भरत नाही. एरवी हे वचन मी दुसऱ्यांना ऐकवत आलो आहे.

दुरुक्ती म्हणजे शिवी नव्हे. शिवी बाहेरून येऊन चिकटते. दुरुक्ती मूळ शब्दाला उठवून त्याच्या जागेवर बसते. थोबाड ही शिवी नाही, तो चेहराच आहे. फक्त मला ‘चेहरा’ हा शब्द येत असूनही मी तो घेतला नाही. सगळा अपराध त्या निवडीत आहे.

अकराव्या शतकातल्या मम्मट या काव्यशास्त्रकाराने काव्यातल्या अश्लील दोषाचे तीन प्रकार सांगितले: लाज आणणारा, किळस आणणारा आणि अमंगळ. म्हणजे शरीर, घाण आणि मरण. गंमत अशी की सौम्योक्ती ज्या तीन गोष्टी झाकायला धावते त्या याच, आणि दुरुक्ती आपला दारूगोळा भरते तोही याच तीन कोठारांतून. ‘ओकणं’ किळशीच्या कोठारातलं. ‘मेल्या’, ‘मुडद्या’ अमंगळाच्या. एकाच कोठाराला एकाने कुलूप लावायचं आणि दुसऱ्याने ते फोडायचं.

मराठीला याशिवाय एक हत्यार व्याकरणातूनच मिळालं आहे. तिसरं लिंग. तो मुलगा आणि ते कार्टं. ती म्हातारी आणि ते म्हातारडं. माणसाला नपुंसकलिंगात ढकललं की तो निम्मा वस्तू होतो. पण मग ते बाळ, ते लेकरू, ते पाखरू? सगळी मायाही याच लिंगात राहते. हे मला आज पहिल्यांदाच खटकलं.

आणि ‘म्हातारी’? तो तर खालच्या कप्प्यातलाही नाही. गोष्टीतली म्हातारी कुणाला टोचत नाही. तो शब्द साधाच आहे. कडू झाला तो ‘आई’ला उठवून तिथे बसवल्यामुळे.

बुधवार

‘म्हातारीची गोळी कुठे ठेवलीस?’ ‘म्हातारीला चष्मा दे.’ ‘म्हातारीला काही नको.’

आज तीनदा. मी मोजतो आहे हे तिला कळलं असावं.

गुरुवार

मी तसं का बोललो याचं खरं उत्तर असं, की बोलल्यावर बरं वाटलं. अगदी क्षणभर, पण वाटलं. पाठीवरचं ओझं खाली टेकवल्यासारखं.

इंग्लंडमधल्या कील विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड स्टीफन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये विद्यार्थ्यांना बर्फासारख्या गार पाण्यात हात बुडवून ठेवायला लावलं होतं. शिवी घोकणाऱ्यांना तो हात साधा शब्द घोकणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ ठेवता आला. याचं पुढे हसूही झालं आणि नावही. मला त्याहून मोलाचा वाटतो तो २०२० मधला प्रयोग. तेव्हा त्यांनी शिवीसारखे वाजणारे नवे शब्द तयार केले, पण त्या शब्दांनी वेदना सहन करायला काहीच मदत झाली नाही. म्हणजे शब्द आधीच विषारी असावा लागतो. काटा खरा हवा. ‘आईमुळे झोप झाली नाही’ या वाक्याने माझं ओझं उतरलं नसतं. कुणाला तरी टोचेल असाच शब्द मला पाहिजे होता. तो ज्याला टोचणार ते माणूस ऐकत नाही, एवढीच काय ती माझी सभ्यता.

आणि मी स्वतःला स्पष्टवक्ता समजतो. हेही लिहून ठेवतो. गोड शब्द खोटे आणि कडू शब्द खरे, हा हिशेब माझ्या डोक्यात कॉलेजपासून पक्का होता. त्यासाठी मी नेहमी तुकोबांना साक्षीला बोलावतो. ‘भले तरी देऊ कासेची लंगोटी’ असं कुणी म्हणालं की मी लगेच सोवळ्या संपादकांवर तोंडसुख घेतो आणि मूळ ‘गांडीची लंगोटी’ ठणकावून सांगतो. लोक चपापतात. मला ते चपापणं आवडतं, खोटं कशाला बोलू?

आज ती ओळ पहिल्यांदा सावकाश वाचली. तो शब्द तुकोबांनी कुणासाठी वापरला आहे? भल्या माणसाला अंगावरचं शेवटचं फडकंसुद्धा काढून देऊ, असं ते म्हणतात. उघडं पडणार ते स्वतः. तो असभ्य शब्द बोलणाऱ्याच्याच अंगावर पडतो, म्हणून त्यातलं देणं एवढं मोठं होतं. ‘कासेची’ म्हटलं की देणारा सभ्य उरतो आणि ओळ निम्मी होते. पुढच्या चरणात नाठाळाच्या माथ्यावर काठी आहे हे खरं. पण ती काठी तरी समोर उभं राहून मारायची आहे, फोनवरून नव्हे.

वीस-पंचवीस वर्षं मी हा अभंग चुकीच्या कामाला जुंपला होता.

शुक्रवार

दादाचा फोन. आज मी बाहेर गच्चीत जाऊन घेतला, म्हणजे काही शिकलो म्हणायचं.

तो म्हणाला, ‘मी विचार केला. तू एकटा किती करणार? ती रात्र-रात्र झोपू देत नाही, तुझी नोकरी आहे. आपण तिची काहीतरी व्यवस्था बघू या.’

व्यवस्था. वरच्या कप्प्यातला शब्द, घडी न मोडलेला. ‘कुठेतरी ठेवू’ असं तो म्हणाला नाही, म्हणणारही नाही. दादा कधीच कडक बोलत नाही. त्याच्या तोंडी ‘म्हातारी’ येणार नाही. पण त्या मऊ शब्दाने माझ्या पोटात जसा गोळा आला तसा कुठल्याही दुरुक्तीने आला नसता. आणि तो शब्द जन्माला घातला मीच. मी ‘पिडलं’ म्हणालो, त्याने ते मनात ठेवलं, चार दिवसांत ते वाढलं आणि ‘व्यवस्था’ होऊन परत आलं.

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांचा १९७४ मधला प्रयोग आठवला. लोकांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवून विचारलं, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती होता? काहींना ‘लागल्या’ऐवजी ‘आपटून चुराडा झाला’ अशा धर्तीचं क्रियापद दिलं. मवाळ क्रियापद ऐकणाऱ्यांनी सरासरी ताशी ३१.८ मैल सांगितला, कडक ऐकणाऱ्यांनी ४०.५. पुढच्या भागात आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. कडक क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांना ती आठवत होती. ‘धडकल्या’ एवढंच ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांना.

दादाच्या डोक्यात आता काचांचा सडा पडला आहे. त्या रात्री झालं होतं ते एवढंच: आईने मला दोनदा हाक मारली. एकदा पाण्यासाठी, एकदा खिडकी लावण्यासाठी. दुसऱ्या हाकेनंतर मला झोप लागली नाही, त्याला कारण माझ्या ऑफिसातलं होतं.

मी त्याला हे असंच सांगितलं. मधल्या कप्प्यातले शब्द शोधून, एकेक. सांगताना फार कष्ट पडले. ‘मग तू तसं का म्हणालास?’ असं त्याने विचारलं. मी म्हणालो, चिडलो होतो. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘बरं. पण बघू.’ त्या ‘बघू’चा कप्पा मला ओळखता आला नाही.

दादा निदान एक माणूस आहे, त्याला पुन्हा फोन करता येतो. रवांडात १९९४ मधल्या नरसंहाराच्या काळात रेडिओवरून तिथल्या तुत्सी समाजाच्या लोकांना ‘इन्येन्झी’ म्हणत, म्हणजे झुरळं. माणूस मारायला हात अडखळतो. झुरळासाठी कुणाचा अडखळतो? माझ्या घरगुती चिडचिडीशेजारी हे लिहिताना संकोच वाटतो. दोनदा खोडलं, पुन्हा लिहिलं. प्रमाण कुठेच जुळत नाही, पण माणसाचं नाव उठवून तिथे दुसरं काही बसवायचं, ही सुरुवात तीच आहे.

शनिवार

सकाळी धीर करून म्हणालो, ‘आई, त्या दिवशी मी फोनवर…’

‘कुठल्या दिवशी?’

‘सोमवारी.’

‘सोमवारी काय झालं?’ तिने पेपराची घडी उलटली. ‘म्हातारीच्या लक्षात राहत नाही रे आता.’

मला हसू आलं आणि ते दाबताही येईना. तीही हसली, पण पेपराच्या मागे.

तेव्हा लक्षात आलं की आठवडाभर मी याला शिक्षा समजत होतो. तसं नसेलही. १९०६ मध्ये लंडनच्या एका वर्तमानपत्राने मताधिकार मागणाऱ्या बायकांची टर उडवायला ‘सफ्राजेट’ हा शब्द काढला. ‘सफ्रेज’ म्हणजे मताधिकार, त्याला नुसतं लहानपणाचं शेपूट जोडलं, आपल्या ‘कारकुंडा’सारखं. त्या बायकांनी तो शब्द उचलला, अंगावर घेतला, आणि १९१२ मध्ये स्वतःच्या वर्तमानपत्रालाच ते नाव दिलं. टर उडवणाऱ्याच्या हातात मग काही उरलं नाही. आईने तेच केलं असावं. मी तिच्या पाठीमागे वापरलेला शब्द तिने उचलून डोक्यावर बांधला आणि आता घरभर मिरवते आहे. त्यावर माझा काही हक्क राहिलेला नाही. मी आज तो उच्चारायचा म्हटला तरी तिची नक्कल केल्यासारखं होईल.

की मी पुन्हा स्वतःला बरं वाटेल असा अर्थ लावतो आहे? तिला वाईट वाटलंच होतं. सोमवारी भिंतीला हात लावून येताना ती खोलीच्या दारात बराच वेळ थांबली होती, ते मी पाहिलं होतं आणि इथे लिहिलं नव्हतं.

रविवार

दुपारी मावशीचा फोन होता. हल्ली आईला कमी ऐकू येतं, म्हणून ती मोठ्याने बोलते. मी पाण्याचा तांब्या भरून तिच्या उशाशी ठेवायला निघालो होतो. दारापाशी आलो आणि थबकलो.

मावशीने रात्रीचं विचारलं असणार. कदाचित दादाने तिलाही सांगितलं असेल.

‘छे गं, काही त्रास नाही,’ आई म्हणत होती. ‘कार्टं आहे ना घरात. हाक मारली की येतं. तोंड वाकडं करून येतं, पण येतं.’

दार उघडं होतं. मी बाहेर उभा आहे हे तिला माहीत होतं की नाही, सांगता येत नाही.