तीन गावं, दोन वाटा: सावद्याचं राउटिंग मार्गी लागलं

मागच्या नोंदीत जळगावचं ऑफिस उरकलं होतं, आता सावदा. नव्याने वाचणाऱ्यांसाठी मांडणी सांगतो. मामांचं ऑफिस आणि टॅलीचा सर्व्हर जळगावला दाणाबाजारात, केळीचं रायपनिंग (पिकवणीचं) चेंबर आणि वजनकाटा सावद्याला, विक्रीचं दुकान धुळ्याला. तिन्हीकडे मायक्रोटिकचे राउटर, त्यांवर राउटरओएस ७ ही त्यांचीच प्रणाली. जळगावला स्टॅटिक पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून गाठता येणारा कायमचा पत्ता आहे. बाकी दोन्हीकडे फायबर आणि सोबतीला फोरजी सिम. फायबर तुटलं की काम आपोआप सिमवर जायला हवं, त्याचीच ही नोंद.

सावद्याला बॅकअपसाठीही दुसऱ्या कंपनीचं फायबरच घ्या, असा केबलवाल्याचा आग्रह होता आणि भावही बरा होता. मी बाहेर जाऊन पाहिलं तर दोन्ही केबली एकाच खांबावरून येणार. केळी भरलेला उंच ट्रक वळताना एक ओढून नेणार असेल तर दुसरीही नेणारच. "दोन कंपन्या झाल्या ना भो, मग काय अडचण?" मामांनी विचारलं. त्यांना खांब दाखवला आणि विषय मिटला. बॅकअपची वाट जमिनीवरही वेगळी हवी, नुसती बिलावर नको.

आता मुख्य गोष्ट. सगळीकडे वाचायला मिळणारी साधी रीत म्हणजे दोन डीफॉल्ट राउट (बाहेर जायच्या वाटा), फायबरचा डिस्टन्स १, सिमचा २ (लहान आकडा आधी), आणि चेक-गेटवे पिंग, म्हणजे वाटेवरचा पुढचा डबा (गेटवे) उत्तर देतो का ते विचारत राहणं. सावद्याला हे चालणारच नव्हतं, कारण ओएनटी (फायबर जिथे येऊन संपतं तो डबा) स्वतः राउटर मोडमध्ये आहे. आपला गेटवे म्हणजे तोच डबा! मुद्दाम ओएनटीचा हिरवा फायबर कनेक्टर उपसून पाहिला. लॉसचा (सिग्नल गेल्याचा) लाल दिवा लुकलुकायला लागला, पण मायक्रोटिकचा पोर्ट हिरवागार आणि ओएनटीच्या १९२.१६८.१.१ कडून पिंगला उत्तर एक मिलिसेकंदात. राउटरच्या हिशेबाने सगळं आलबेल, आणि काट्यावरचा मुलगा मात्र पावतीसाठी खोळंबलेला.

म्हणून रिकर्सिव्ह राउट, म्हणजे गेटवे म्हणून शेजारचा डबा न देता बाहेरचा पत्ता द्यायचा आणि त्या पत्त्याकडे जायची वाट वेगळी सांगायची. ८.८.८.८/३२ (गूगलचा डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) फायबरच्या गेटवेवरून, स्कोप १०. डीफॉल्ट राउटचा गेटवे ८.८.८.८, टार्गेट-स्कोप ११ (पहिल्या राउटच्या आधारे गेटवे शोधायची मुभा), चेक-गेटवे पिंग. आता तपासणी खऱ्या बाहेरच्या पत्त्याची होते. पिंग दर दहा सेकंदांनी जातो आणि दोनदा उत्तर आलं नाही की राउट पडतो, म्हणजे साधारण वीस-तीस सेकंदांत गाडी सिमवर. यात एक खाच आहे. तो ८.८.८.८ कायम फायबरलाच बांधलेला असतो. कुठल्या मशीनमध्ये तोच डीएनएस म्हणून भरला असेल, तर फायबर गेल्यावर नेट चालू असूनही त्या मशीनला एकही साइट उघडत नाही. डीएचसीपीतून (मशीनांना पत्ते वाटणाऱ्या सेवेतून) राउटरचाच पत्ता डीएनएस म्हणून द्या आणि राउटरला वरचा डीएनएस वेगळा ठेवा.

जळगावशी जोडणी वायरगार्डने, म्हणजे इंटरनेटमधूनच काढलेल्या खाजगी, कुलूपबंद टनेलने. सिमला कंपनी सीजीनॅटमधला, म्हणजे अनेक ग्राहकांत वाटून घेतलेल्या आयपीमागचा पत्ता देते (आमच्याकडे १००.६४ ने सुरू होणारा), त्यामुळे बाहेरून सावद्यापर्यंत पोचताच येत नाही. हाक सावद्यानेच मारायची, म्हणून पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारी नियमित हाक) २५ सेकंद. वायरगार्डचा इंटरफेस समोरचं टोक मेलं तरी "रनिंग"च दिसतो, हे पक्कं ध्यानात ठेवा. त्यावर नुसते स्टॅटिक (हाताने लिहिलेले) राउट टाकून फेलओव्हर, म्हणजे आपोआप दुसऱ्या वाटेवर जाणं, होत नाही. मी दोन टनेल केले, एक फायबरला बांधलेला, दुसरा सिमला. जळगावकडे दोन वेगळे पोर्ट आणि सावद्याला मँगलच्या (पॅकेटांवर खूण करणाऱ्या नियमांच्या) आउटपुट चेनमध्ये पोर्टप्रमाणे राउटिंग टेबल. असं बांधलं नाही तर फायबर पडल्यावर पहिला टनेलही गुपचूप सिमवरून निघतो आणि डेटा कशाने संपला ते कळत नाही.

टनेलांवर ओएसपीएफ (राउटर एकमेकांना वाटा सांगतात ती पद्धत), पॉइंट-टू-पॉइंट. फायबरची कॉस्ट १०, सिमची १०० (कमी कॉस्टची वाट आधी), आणि ती दोन्ही टोकांना. एकाच बाजूला लावली तर जाणं एका वाटेने, येणं दुसऱ्या. अलाउड-अॅड्रेसमध्ये २२४.०.०.५ (ओएसपीएफच्या हाकेचा पत्ता) विसरलात तर शेजारी राउटर कधीच दिसणार नाही. हॅलो १० (शेजाऱ्याला हाक) आणि डेड ४० सेकंद (इतका वेळ गप्प तर मेला) हे डीफॉल्ट सिमच्या टनेलवर तसेच ठेवले. संध्याकाळी टॉवरवर गर्दी झाली की पिंग उड्या मारतो, तिथे घाई करण्यात अर्थ नाही.

चाचणीत उरलेली कटकट जुन्या कनेक्शनची. पोर्ट पडत नसल्याने मास्करेड (आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यामागे लपवणारा नियम) जुन्या नोंदी साफ करत नाही, आणि चेंबरच्या तापमानाची यूडीपी (पोच न मागता पाठवलेली) रीडिंग्ज जुन्याच पत्त्याने मेलेल्या वाटेवर जात राहतात. केळी तेरा अंशांखाली गेली की साल काळवंडते, त्यामुळे हा अलार्म बाकी सगळ्याच्या आधी चालायला हवा. नेटवॉचवर (पिंगवर नजर ठेवणाऱ्या राउटरच्या सोयीवर) एक छोटी स्क्रिप्ट बसवली, वाट बदलली की त्या सेन्सरच्या कनेक्शन-नोंदी उडवते. परतीलाही तीच. तुटलेली केबल जोडताना लाइन बराच वेळ येते-जाते, म्हणून पाच मिनिटं सलग पिंग टिकला तरच फायबरवर परत.

सिमवर असताना कॅमेऱ्यांचं क्लाउड अपलोड फायरवॉलमध्ये बंद. मामांना मोबाइलवर कॅमेरे दिसत नाहीत, यावर त्यांची कुरकुर चालू आहे. मी ऐकलेली नाही.

ओएनटी आणि राउटर दोन्ही एकाच इन्व्हर्टरवर घेतले. डबे पत्र्याखालून काढून ऑफिसच्या भिंतीवर आणले, मे महिन्यात इकडे पारा ४५ ला टेकतो. धुळ्याला याच कॉन्फिगची नक्कल चालेल, फक्त तिथला ओएनटी ब्रिज मोडमध्ये (नुसता पुढे पाठवणारा) आहे, म्हणून पीपीपीओई (कंपनीकडचं लॉगिन) मायक्रोटिकवर येईल आणि एमटीयू (एका पॅकेटचं कमाल माप) १४९२ धरून वायरगार्डचा आकडा पुन्हा तपासावा लागेल. अशा ठिकाणी कोणी वायरगार्डच्या डीफॉल्ट १४२० वरच चालवत असेल तर कळवा.