पेनड्राइव्ह अर्धा रिकामा, तरी 'डिस्क भरली'

वाचनालयाच्या स्मरणिकेचं टायपिंग माझ्याकडे आहे. रात्री पावणेबाराला शेवटचा लेख संपवला, पेनड्राइव्हवर नव्या नावाने सेव्ह करायला गेले, तर वर्ड म्हणतंय फाइल सेव्ह होत नाही, डिस्क भरली नाही ना ते बघा. सकाळी दहाला सगळं छापखान्यात द्यायचं होतं.

शहाणपणा एवढाच केला की वर्ड बंद केलं नाही. एफ-12 दाबून तीच फाइल डेस्कटॉपवर सेव्ह केली. झाली. म्हणजे लेख सुखरूप होता, दुखणं पेनड्राइव्हचं.

पेनड्राइव्ह जुना, 2 जीबीचा. प्रॉपर्टीजमध्ये पाहिलं तर निम्म्याहून जास्त जागा मोकळी. दुसऱ्या पोर्टला लावला, व्हायरस स्कॅन केला, एरर चेकिंग चालवलं. काही निघालं नाही. वैतागून डेस्कटॉपवरच्या फाइलचं नाव नुसतं 'अ' केलं आणि कॉपी केली, तर गेली की! मग 'आ' नावाची टाकून पाहिली, ती जाईना. आणि त्याच पेनड्राइव्हवरच्या 'फोटो' फोल्डरमध्ये लांबलचक नावाचीसुद्धा बिनबोभाट गेली. आता मात्र डोकं चालेना.

भाच्याला उठवलं. तो म्हणाला, "मावशी, प्रॉपर्टीजमध्ये फाइल सिस्टीम काय लिहिलंय?" नुसतं 'फॅट'. "मग बरोबर आहे. फॅट म्हणजे डिस्कवर फाइलींची नोंद ठेवायची जुनी पद्धत. बाहेर, फोल्डरविना ठेवलेल्या फाइलींची नावं लिहायला त्यात सहसा 512च ओळी असतात. जागा कितीही उरू दे, ओळी संपल्या की संपलं. फोल्डरच्या आत ती अडचण नाही."

पण माझ्या फाइली तर जेमतेम सव्वाशे! गोम नावांत होती. लांब नावाला दर 13 अक्षरांमागे एक ओळ लागते, शिवाय संगणक स्वतःच बनवून ठेवतो त्या आखूड नावाची एक वेगळी. आणि मराठीत काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं सुटं मोजलं जातं. 'स्मरणिका_लेख_अंतिम_सुधारित_३.डॉकएक्स' हे इंग्रजी एक्स्टेन्शनसकट 33 भरतं, म्हणजे एका फाइलला चार ओळी. पूर्वी आम्ही आठ इंग्रजी अक्षरांत नावं कोंबायचो, तेव्हा एका ओळीत भागायचं. काय फाइल आहे ते सहा महिन्यांनी कळायचं नाही, ते वेगळं.

सगळ्या फाइली कट करून 'फोटो'मध्ये टाकल्या, बाहेर जागा झाल्यावर 'स्मरणिका' नावाचं फोल्डर केलं आणि परत त्यात हलवल्या. दहा मिनिटांचं काम. डेस्कटॉपवरची प्रत तशीच राहू दिली.

सकाळी छापखान्यातल्या दादांनी पेनड्राइव्ह लावला, फोल्डर उघडलं, चष्मा वर केला आणि विचारलं, "ताई, ह्या सगळ्या अंतिमांतली छापायची कुठली?"