काउस्तिनेनची इर्जिक

कोक्कोला स्टेशनवर उतरून बस धरली. दोन्ही बाजूंना बर्चची झाडं, मधे हिरवीगार शेतं. गाव आलं म्हणेपर्यंत संपलंसुद्धा. फिनलंडमधलं हे काउस्तिनेन, वस्ती जेमतेम चार हजारांची. इथे १९६८ पासून जुलैमध्ये लोकसंगीताचा महोत्सव भरत आलाय.

माझा मुक्काम शाळेच्या वर्गात होता. गादी घालून देणाऱ्या आजींना मी विचारलं, "या कामाचे पैसे किती मिळतात?" त्या हसून एवढंच म्हणाल्या, "तल्कोत." मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत समजावलं: शेजाऱ्याचं गवत कापायचं असो की घर उभारायचं, सगळ्यांनी जायचं आणि घरधन्याने पोटभर जेवू घालायचं. म्हणजे आपली इर्जिकच की! आजोळच्या शेतात नांगरटीला जमलेल्या बैलजोड्या आणि संध्याकाळची पंगत डोळ्यांपुढे आली. फाटकावर तिकिटं बघणारे, गाड्या लावून देणारे, कॉफी ओतणारे, सगळे याच इर्जिकीचे गडी.

हे गाव वाजवायला लागलं ते लग्नांमुळे. जुन्या काळी इथली लग्नं कित्येक दिवस चालत. नाच म्हटला की व्हायोलिनवाले हवेतच. त्यांना पेलिमान्नी म्हणतात. स्वरलिपी न बघता ऐकून ऐकूनच शिकायचं, बापाकडून लेकाकडे. इथलेच व्हायोलिनवादक कोन्स्ता युल्हा आणि त्यांच्या साथीदारांनी हे सूर देशभर पोचवले. त्यामुळे विल्यो मॅत्तॅला यांनी महोत्सवाचा घाट घातला तेव्हा वादक शोधायला लांब जावं लागलं नसणार. २०२१ मध्ये युनेस्कोनेही या व्हायोलिनवादनाला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

पहिल्याच मैफलीत मी थक्क झालो. चार व्हायोलिनं, एक डबल बास आणि मागे चक्क पायपेटी! आमच्या संगीत नाटकांत वाजायची तशीच, पायाने भाता मारायची. परक्या मुलखात तो भरलेला सूर कानी पडला आणि गळा दाटून आला.

पण मनात घर केलं ते मुलांनी. माउनो यॅर्वेला यांच्या शिकवणीला 'नॅप्पॅरित' म्हणतात. त्यातली चिमुरडी, त्यांचे आईबाप, सगळे एकाच मंचावर, एकच चाल वाजवत. नवशिक्याला सोपा भाग, मुरलेल्याला अवघड. बाहेर कुणालाच ठेवायचं नाही. रात्रीचे अकरा वाजले तरी उजेड होता आणि घरी जायचं कुणी नाव काढत नव्हतं.

शेवटच्या सकाळी आजींबरोबर मीही गाद्या गोळा केल्या. वर्ग रिकामा झाल्यावर त्यांनी माझ्यापुढे कॉफी आणि गोड पाव ठेवला. पाव मोडला, तर वेलदोड्याचा वास आला.