आठवा पिठ्ठू : सातारा ते अपशिंगे, सरावाचा सातवा आठवडा

येत्या 7 डिसेंबरला, म्हणजे सशस्त्र सेना ध्वजदिनी, आम्ही सात जण साताऱ्याहून अपशिंगे मिलिटरी या गावापर्यंत आणि तिथून परत, असे सुमारे 36 किलोमीटर पाठीवर वजन घेऊन चालणार आहोत. सातांपैकी पाच जण माझ्यासारखे पेन्शनवर आलेले आहेत आणि दोघे अजून नोकरीत असून रजा जुळवून येणार आहेत. सगळेच मराठा लाइट इन्फंट्रीचे आणि कधी ना कधी एकाच कंपनीत राहिलेले. ज्याच्या आठवणीसाठी हे चालणे आणि त्यातून निधी गोळा करणे आहे, तो आमचा आठवा सोबती गेल्या गळीत हंगामात रजेवर आला होता. रात्री मोटारसायकलवरून घरी परतताना, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या आणि मागे साधा तांबडा दिवाही नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर तो आदळला.

लष्कराच्या भाषेत हा मृत्यू ‘बॅटल कॅज्युअल्टी’ (लढाईतली हानी) ठरत नाही, ‘फिजिकल कॅज्युअल्टी’ (लढाईबाहेरची हानी) ठरतो, आणि निधी कोणत्या खात्यासाठी गोळा करायचा याची आमची पहिली चर्चा तिथेच अडली. युद्धातील किंवा कारवाईतील हानीसाठी असलेला कल्याण निधी वेगळा आहे. त्याच्यासारख्या जवानाच्या आठवणीला तो जुळत नव्हता. ध्वजदिन निधीचा आवाका मात्र मोठा आहे. 1949 पासून 7 डिसेंबरला लाल, गडद निळा आणि फिकट निळा अशा तीन रंगांची छोटी निशाणे लावून लोक त्याला देणगी देत आले आहेत, आणि 1993 मध्ये असे अनेक निधी एकत्र करून आजचा निधी उभा राहिला. माजी सैनिक, विधवा आणि त्यांची मुले यांच्या मदतीचा त्यात समावेश असल्याने आमचा वाद तिथे मिटला.

आता वजनाकडे वळतो, कारण या नोंदी वाचणाऱ्यांना त्यातच अधिक रस असणार. नेदरलँड्समधील नाइमेखेन येथे, 1909 मध्ये सुरू झालेली, चार दिवसांची जी मोठी पदयात्रा भरते, तिच्यात गणवेशातले सैनिक रोज 40 किलोमीटर आणि पाठीवर किमान 10 किलो घेऊन चालतात. आम्हाला एकच दिवस चालायचे असले तरी पन्नाशीच्या आसपासचे गुडघे लक्षात घेऊन आम्हीही 10 किलोच ठरवले. आमच्यातल्या सुभेदारसाहेबांना 15 किलो हवे होते. दुसऱ्या आठवड्यात यवतेश्वरचा घाट एकदा चढून उतरल्यावर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

सुरुवातीला आम्ही पिठ्ठूत, म्हणजे पाठीवरच्या फौजी पिशवीत, वाळू भरली आणि ती चूक ठरली. वाळू खाली बसते, वजन कमरेच्याही खाली लोंबते आणि दोन तासांत माणूस पुढे झुकून चालू लागतो. चौथ्या आठवड्यापासून आम्ही प्रत्येकी 5 किलो ज्वारीच्या दोन कापडी पिशव्या शिवून घेतल्या. तळाशी घडी घातलेली जुनी चादर ठेवायची आणि पिशव्या तिच्यावर, खांद्याच्या फऱ्यांच्या मधोमध, पाठीला टेकतील अशा बांधायच्या. वजन तेवढेच असूनही फरक पहिल्याच किलोमीटरला कळतो. ज्वारीचा आणखी एक फायदा म्हणजे घरून कोणी ‘हे काय खूळ’ म्हणत नाही, कारण धान्य शेवटी घरातच परत जाते.

पायांची कथा कमी गौरवाची आहे. तिसऱ्या आठवड्यात नवे बूट घालून 14 किलोमीटर चालण्याचा शहाणपणा मी केला, आणि ‘बूट आधी घरात वापरून मऊ करा’ असे वीस वर्षे रिक्रूटांना सांगणाऱ्या माणसाच्या डाव्या टाचेला रुपयाएवढा फोड आला. फोडातून सुई-दोरा ओवून दोरा तसाच ठेवण्याची बरॅकमधली जुनी युक्ती अजून अनेक जण सांगतात. दोऱ्यावाटे घाण आत जाते, म्हणून ती करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी टाच तापू लागली की लगेच थांबून, पाय कोरडा करून पट्टी चिकटवणे आणि तासाभराने मोजे बदलणे एवढ्याने माझे पुढचे चार आठवडे निभावले आहेत.

गेल्या रविवारी आम्ही 26 किलोमीटर पूर्ण वजनासह 5 तास 35 मिनिटांत चाललो. रूट मार्चचा जुना हिशेब, म्हणजे 50 मिनिटे चाल आणि 10 मिनिटे विसावा, आम्ही तसाच ठेवला आहे. विसाव्याला बसताना पिठ्ठू उतरवून पाय त्याच्यावर टेकवावेत. पिठ्ठूसकट बसलेला माणूस उठताना दहा मिनिटांचा सगळा आराम खर्च करतो.

चालण्यापेक्षा पैशाचे काम मला कठीण वाटते. पहिल्याच बैठकीत ठरले की रोख रक्कम आमच्यापैकी कोणीही हातात घ्यायची नाही. देणगीदार किलोमीटरला 2, 5 किंवा 10 रुपये असा आकडा वहीत लिहून देतो, आणि चालणे झाल्यावर रक्कम स्वतः निधीच्या खात्यात किंवा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात भरून पावती स्वतःच्याच नावाने घेतो. आजपर्यंत वहीत 63 नावे आहेत. वाटेत कोणी गळाला तर किलोमीटर कोणाचे धरायचे, असा रास्त प्रश्न एका किराणा दुकानदाराने विचारला आणि त्याचे उत्तर आम्हाला आमच्या सोबत्याच्या पिठ्ठूत सापडले.

तो पिठ्ठू वहिनींनी, म्हणजे त्याच्या पत्नीने, दिला. त्याचा उजवा पट्टा कधीतरी उसवला होता आणि त्याने तो बुटाच्या काळ्या नाडीने, दाभणाचे टाके घालून स्वतः शिवला होता. टाके वाकडे आहेत, पण ओढून पाहिले तरी हलत नाहीत. आम्ही फोटोसह मोठा फ्लेक्स लावण्याचे मनात आणले होते, तेव्हा त्या म्हणाल्या, “भाऊजी, फ्लेक्स नको. चौकात पुढाऱ्यांच्या वाढदिवसांची गर्दी असते, त्यात हे कुठे उभे राहणार? पिठ्ठू न्या, तो त्यांच्यापेक्षा जास्त चाललाय.” आता किलोमीटर त्या आठव्या पिठ्ठूचेच मोजले जातात. दर 50 मिनिटांनी तो दुसऱ्याकडे जातो आणि ज्याची पाळी असेल तो छातीशी अडकवून चालतो. सात जणांपैकी कोणी थांबला तरी पिठ्ठू पुढे जात राहतो. त्यात वही, पेन आणि औषधांचा डबा एवढेच असते.

पहाटे पाचला निघत असल्याने पहिला दीड तास अंधाराचा असतो आणि कारखाने सुरू झाल्यामुळे दुहेरी ट्रॉलीचे ट्रॅक्टर रस्त्यावर आले आहेत. आम्ही रहदारीकडे तोंड करून उजव्या कडेने एका रांगेत चालतो, पुढे पांढरी आणि शेवटी तांबडी बॅटरी असते. गेल्या रविवारी चहाच्या टपरीजवळ बिनदिव्याची एक ट्रॉली उभी दिसली, तेव्हा आमच्यातला सर्वांत तरुण, अजून नोकरीत असलेला नाईक काही न बोलता चालकाकडे गेला आणि त्याला विचारून स्वतःच्या पिठ्ठूला लावायची चमकणारी तांबडी पट्टी त्याने ट्रॉलीच्या मागच्या फळीला चिकटवली. फळीवर उसाची चिकटी आणि धूळ असल्याने ती दोनदा निघाली. तिसऱ्यांदा चालकानेच डोक्याचे उपरणे काढून फळी पुसून दिली.

या आठवड्यात प्रत्येकी 50 रुपये काढून पट्टीची चार रिळे आणली आहेत. हा खर्च देणगीच्या वहीत धरलेला नाही. पुढच्या रविवारी 30 किलोमीटर चालायचे आहे. रिळे आणि फळी पुसायला एक जुना पंचा आठव्या पिठ्ठूत ठेवला आहे.